‘बिचारा’ म्हणायचं नाही

मुलांच्या डोक्यातलं पक्ष्यांचं खूळ काढायचं असेल तर त्यांना ठोंबरे बाईंकडे पाठवा, असं आमच्या जयपूरच्या मराठी मंडळात सर्रास सांगितलं जायचं. गणपतीत आरती झाली की प्रसादाचा द्रोण हातात घेऊन कोणीतरी आई हमखास तक्रार करायची, "अहो, कॅमेरा काय घेऊन दिला, आता म्हणतो पक्षीशास्त्रज्ञच होणार." की शेजारची लगेच उपाय सांगायची. उपाय रामबाण होता. बाईंच्या गच्चीवर थोडे दिवस जाऊन आलेली मुलं मुकाट्यानं इंजिनीअरिंगच्या क्लासला बसत. कॅमेरे कपाटात जात आणि आईबाप बाईंना तिळगुळाबरोबर साडीही देऊन येत. बाई साडी घेत नसत. तिळगूळ मात्र डबाभर घेत.

मीही त्याच आशेनं माझ्या जुईला त्यांच्याकडे घेऊन गेले. मी मूळची सांगलीची, बँकेत नोकरीला. नवरा विमा कंपनीत. दोघांनी बदल्या चुकवत चुकवत विद्याधर नगरात घर केलं आणि जुई तिथेच वाढली. तिचं मराठी म्हणजे निम्मं हिंदी. बारावीला असताना तिनं एका सकाळी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं, "आई, मी मेडिकल नाही करणार. मतलब, मला बर्ड्सवर रिसर्च करायची आहे." मी तिला कोट्याला क्लाससाठी पाठवायच्या तयारीत होते. माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

ठोंबरे बाई आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहायच्या. मूळच्या अमरावतीच्या. जयपूरच्या एका कॉलेजात आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. ठेंगणा बांधा, सुती साडी, पायात मुलांचे असावेत तसे पांढरे बूट आणि डोक्यावर कापडी टोपी, अशा त्या सकाळी रस्त्याच्या कडेनं चालायच्या तेव्हा दूधवालासुद्धा सायकल हळू करायचा. इतकी वर्षं राजस्थानात काढूनही त्यांची भाषा काही सुटली नव्हती. अमरावतीकडच्या बायकांसारखं त्या स्वतःबद्दल ‘मी जातो, मी सांगतो’ असंच बोलायच्या. पहिल्यांदा ऐकणारा चमकून बघायचा.

त्यांनी जुईला समोर बसवलं.

"काय व्हायचं आहे तुले?"

"ऑर्निथॉलॉजिस्ट."

"काहून?"

"मला पक्षी आवडतात, मॅडमजी."

"मले श्रीखंड आवडते. म्हणून मी हलवाई झाली काय?"

मी मनातल्या मनात बाईंना नमस्कार केला. सुरुवात तर झकास झाली होती.

पुढचा अर्धा तास त्यांनी या वाटेवरचे सगळे काटे एकेक करून दाखवले. बी.एस्सी. झालं म्हणजे काही होत नाही. मग एम.एस्सी., आणि त्यातही वन्यजीवशास्त्राच्या चांगल्या ठिकाणी जागा मोजक्याच. मग पीएच.डी., तिच्यात वर्षं किती जातील ते ब्रह्मदेवाला ठाऊक. जंगलात जायला परवानगी लागते, ती मिळेपर्यंत पक्षी उडून गेलेले असतात. नोकरी मिळाली तर कॉलेजात, नाहीतर कुठल्यातरी प्रकल्पावर कंत्राटी, प्रकल्प संपला की आपणही संपलो. पवनचक्क्या आणि विजेच्या तारांना धडकून पक्षी मरतात, त्यांची प्रेतं मोजायचंही काम असतं आणि ते करणारी माणसं कमी पडतात. "माझा एक विद्यार्थी विमानतळावर आहे," बाई म्हणाल्या. "पक्ष्यांवर जीव होता त्याचा. आता दिवसभर धावपट्टीवरून त्याईले हाकलते. मी विचारलं, बरं वाटते का रे? तर म्हणे, मॅडम, प्रेमानंच हाकलतो."

"आणि गणित?" जुईनं घाबरत विचारलं. गणित तिचं नावडतं होतं.

"पाहायले डोळे लागतात. पण जे पाह्यलं ते खरं हाय का, हे सांगायले गणित लागते. गणित नाई आलं तर फोटो काढ आणि भिंतीवर लाव."

मला वाटलं, झालं काम. पण जुई उठेना. मग बाईंनी तिला आपलं नेहमीचं काम दिलं, जे त्या प्रत्येकालाच देत. रोज सकाळी त्यांच्या गच्चीवर यायचं. कॅमेरा नाही, दुर्बीण नाही. समोर रिकामा प्लॉट होता, त्यात एक मोठा कडुनिंब आणि त्याखाली पाचोळा. त्या पाचोळ्यात सातभाईंची एक टोळी कायम किडे शोधत आणि कलकलाट करत फिरायची. मातकट रंगाचे, कायम वैतागलेले दिसणारे हे पक्षी कोणी मुद्दाम बघत नाही. तेच बघायचे. आणि खाली येऊन, दिसलं तेवढंच सांगायचं.

इथेच बाईंचा तो प्रसिद्ध नियम होता. पक्ष्याला ‘सुंदर’ म्हणायचं नाही, ‘गोड’ म्हणायचं नाही, नाव ठेवायचं नाही आणि सगळ्यात मुख्य म्हणजे ‘बिचारा’ म्हणायचं नाही. जयपूरच्या उन्हाळ्यात लोक पाखरांसाठी झाडाला, कठड्याला मातीचं पसरट भांडं टांगून त्यात पाणी ठेवतात. त्याला परिंडा म्हणतात. बाईंच्या गच्चीवरही एक परिंडा होता. गच्चीवर नळ नव्हता. जो ‘बिचारा’ म्हणेल त्यानं जिने उतरून खालच्या नळावरून पाणी आणायचं आणि परिंडा भरायचा.

"बिचारा म्हणाली? जा, परिंडा भर."

पहिल्या उन्हाळ्यात बाईंच्या परिंड्याला पाण्याची ददात पडली नाही, ती आमच्या जुईमुळे. पिल्लू पडलं की बिचारं. मागे राहिलं की बिचारं. कावळ्यानं टोचलं की बिचारं. ती घामाघूम होऊन तांब्या घेऊन वर-खाली करायची आणि मी घरी बसून म्हणायचे, आता दमेल, मग दमेल. ती दमली नाही. बी.एस्सी.ला जयपूरलाच प्रवेश घेतला आणि गच्ची चालूच ठेवली. शेवटी मीच एक दिवस तणतणत बाईंकडे गेले.

"बाई, तुम्ही तिला थांबवणार होता ना?"

बाई पोह्यांवर कच्चा कांदा चिरत होत्या. "मी कोणाले थांबवत नाई, सुनीताबाई. पोट्टे आपोआप थांबतात. तुमची थांबून नाई राहिली, त्याले मी काय करू?" आणि पोह्यांची बशी माझ्यापुढे सरकवली. भांडायला गेलेली मी दोन बशा खाऊन परत आले.

त्या दिवशी त्यांनी मला त्यांच्या पीएच.डी.ची गोष्ट सांगितली. विषय होता, पोपट मक्याचं किती नुकसान करतात. बाई पहाटे शेताच्या बांधावर छत्री लावून उभ्या राहायच्या. दिवस गेले, पण पोपट काही येईनात. मग एके दिवशी शेतकरी हात जोडून त्यांच्या दारात हजर. "बाईजी, कल भी आओगी ना? आप खड़ी रहती हो तो तोते नहीं आते." म्हणजे गावानं एका शास्त्रज्ञ बाईला फुकटचं बुजगावणं करून टाकलं होतं. त्या पुढे बाजेखाली लपून बसायला लागल्या. सांगताना बाई इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. मग म्हणाल्या, "माझ्यावाल्या बाबाले शेवटपर्यंत वाटे का मी राजस्थानात पोपट हाकलाची नोकरी करून राहिली." आणि त्यावर मात्र त्या हसल्या नाहीत.

जयपूरची संक्रांत म्हणजे पतंग. अख्खं शहर गच्चीवर असतं, ‘वो काटा’च्या आरोळ्यांनी कान किटतात, आणि दुसरीकडे मांज्यानं कापलेल्या पक्ष्यांसाठी शिबिरं लागतात. बाई दर वर्षी चारदीवारीतल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या एका शिबिरात जायच्या. एका संक्रांतीला जुईबरोबर मीही गेले. एक माणूस खोक्यातून पारवा घेऊन आला. पंखाशी मांजा गुरफटलेला, पिसं रक्तानं चिकटलेली. जुईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. बाईंनी पारवा हातात घेतला, मान दोन बोटांमध्ये, अंग तळव्यात, आणि चिमट्यानं मांजा सोडवायला लागल्या.

"काय दिसून राहिलं? सांग."

"मॅडमजी, तो... बि..."

"काय दिसून राहिलं?"

जुईनं नाक पुसलं. "उडायची बाहेरची पिसं कापली आहेत. हाड... हाड बरोबर आहे. जखम खोल नाहीये."

"मग जा, डॉक्टरले हेच सांग. शब्द न् शब्द."

ती पळाली. मला राहवलं नाही. म्हटलं, "बाई, पोरगी रडतेय, जरा तरी..." त्यांनी वर न बघता उत्तर दिलं, "दया कराले वेळ लागते, सुनीताबाई. याच्यापाशी वेळ नाई." तोवर मी बाईंना कठोर समजत होते. त्या दिवसापासून समजायची थांबले. मला त्यांचा फार अभिमान वाटला आणि थोडा रागही आला, कारण जुईचे डोळे पुसायचं काम माझ्याकडेच आलं होतं.

घरी आता तडजोड ठरली होती. बी.एस्सी.नंतर जुईनं वन्यजीवशास्त्राच्या एम.एस्सी.साठी एकदाच प्रयत्न करायचा. लेखी परीक्षा, मग मुलाखत. नाही झालं तर बँकेच्या परीक्षेला बसायचं. हा ‘एकदाच’ माझा होता. मी तो शब्द धरून ठेवला होता आणि जुईलाही माहीत होतं की आई शब्दाची पक्की आहे.

आणि नेमकं त्याच वर्षी जुईचं आणि बाईंचं बिनसलं.

सातभाई खाली पाचोळ्यात चरत असतात तेव्हा त्यांच्यातला एक जण वर, फांदीवर किंवा तारेवर बसून पहारा देतो. शिक्रा हा शिकारी पक्षी दिसला की ओरडतो आणि सगळे झुडपात गडप होतात. हा पहारेकरी कायम एकच असतो, टोळीतला थोरला, असं बाईंचं ठाम मत. वर्गात कित्येक वर्षं त्यांनी हेच सांगितलं होतं. आपल्या गच्चीसमोरच्या टोळीतही त्या दाखवायच्या, "तो पाह्य, वाकड्या शेपटीचा. हाच बसते." जुईनं नाव ठेवलं नव्हतं, पण वाकडी शेपूट, डोळ्याजवळचं टक्कल, एक पाय लंगडा, अशा खुणांवरून ती आता सगळ्यांना ओळखायला लागली होती. एक दिवस ती खाली येऊन म्हणाली, "मॅडमजी, वाकडी शेपूटवाला खाली होता. वर दुसराच बसला होता."

"तुझी ओळखण्यात चूक झाली."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "मॅडमजी, ते पाळ्या लावतात. लंगडा पण बसतो."

बाई उठल्या, आत गेल्या आणि दार लावून घेतलं. जुई घरी आली ती पांढरीफटक. "आई, मी चूक केली. मतलब, बोलायला नको होतं." त्यानंतर गच्चीवरून बोलावणं येईना. सकाळी रस्त्यात बाई दिसायच्या त्यासुद्धा दुसऱ्या फुटपाथवरून. मुलाखत जवळ आली होती. तिथे जी समिती बसणार तिच्यात बाईंचा जुना विद्यार्थी होता, आणि शिफारस बाईंचीच होती. जुईला झोप लागेना. मला खरं तर बरं वाटायला हवं होतं, माझा हेतू आपोआप साधत होता. बरं वाटलं नाही. उलट बाईंचा संताप आला. माझ्या पोरीला बाईंनीच शिकवलं, दिसलं तेवढंच सांग म्हणून. सांगितलं तर दार लावून घेतलं.

मग एका रविवारी सकाळी दाराची बेल वाजली. बाई. आमच्या घरी त्या कधीच आल्या नव्हत्या. जिने चढून धाप लागली होती आणि गळ्यात दुर्बीण होती. जी त्या कोणाला गच्चीवर आणू द्यायच्या नाहीत तीच. आत येऊन बसल्या, पाणी प्यायल्या आणि जुईला हाक मारली.

"मी रोज बसली गच्चीवर. तुह्यं बरोबर हाय. पाळ्या लावतात."

जुई दारातच उभी राहिली.

"पाह्य, मी पहिल्या बारीले पाह्यलं तेव्हा वर एक म्हातारा लंगडा पक्षी होता. कॉलेजच्या बागेत. मले वाटलं, थोरलाच बसते. मग जवा जवा वर कोणी दिसला तवा मी म्हटलं, तोच हाय. पुन्हा पाह्यलंच नाई मी. एकदा ओळखलं ना, का माणूस पाहणं सोडते." त्यांनी गळ्यातली दुर्बीण काढून मांडीवर ठेवली. "किती पोट्ट्याईले शिकवलं मी हे."

माझ्या घरात, माझ्या सोफ्यावर बसून एक बाई आपल्या आयुष्यभराच्या वाक्याला चूक म्हणत होती. मी चहा टाकायला उठले.

"मुलाखतीत हे सांगजो," बाई जुईला म्हणाल्या.

"नाही मॅडमजी! सर तुमचे स्टुडंट आहेत. त्यांना पण तुम्हीच शिकवलंय ना हे. कसं सांगू?"

"माझं नाव घेऊन सांग. तो चिडला तर चिडू दे. खरं सांगून जागा गेली तर जाऊ दे."

स्वयंपाकघरातून मी मनात म्हटलं, जागा तुमची थोडीच जाणार आहे. पण बाईंचा चेहरा बघवत नव्हता.

मुलाखतीत काय झालं ते जुईनं फोनवर सांगितलं. त्या सरांनीच विचारलं, आमच्या मॅडमकडून काय शिकलीस? एकदाच मिळणारी संधी, आणि समोर बसलेला माणूस बाईंना देव मानणारा. ती म्हणाली, "मॅडमनी शिकवलं की सातभाईंचा पहारेकरी एकच असतो. ते चूक आहे. आणि ते चूक आहे हेही मला मॅडमनीच सांगितलं, स्वतः गच्चीवर बसून, पुन्हा बघून." मग सरांनी चष्मा काढून विचारलं, "मॅडम स्वतः बघत बसल्या?" ती हो म्हणाली. पुढचा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही, दुसऱ्यांनी विचारला.

जुईला जागा मिळाली. मी पेढे आणले, नातेवाइकांना फोन केले आणि बाथरूममध्ये नळ सोडून मनसोक्त रडले. आनंदानं की हरल्यामुळे, ते आजही सांगता येत नाही.

तिला निघायचं होतं त्या सकाळी आम्ही बाईंकडे गेलो. उन्हाळा होता. बाईंनी तिला ना आशीर्वाद दिला ना उपदेश. "गणित सोडू नको," एवढंच म्हणाल्या. जुई म्हणाली, "जरा गच्चीवर जाऊन येते." बराच वेळ आली नाही. आली तेव्हा बाह्या ओल्या होत्या. मी विचारलं तर म्हणाली, "काही नाही," आणि बाईंच्या पायाशी वाकली. खाली तिचे बाबा रिक्षा घेऊन थांबले होते. स्टेशनवर तेच सोडणार होते, मला तिथे निरोप देणं जमत नाही. मी बाईंबरोबर गच्चीवर उभी राहून हात हलवला. रिक्षा कोपऱ्यावर वळली.

कडुनिंबाखाली टोळी चरत होती. थोड्या वेळानं ती कलकलत पलीकडच्या प्लॉटमध्ये गेली आणि एक यंदाचं पिल्लू, शेपूट अजून धड न वाढलेलं, फांदीवर मागे राहिलं. इकडे बघे, तिकडे बघे.

"बिचारं," बाई म्हणाल्या. "एकटंच राह्यलं."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी कठड्यावरचा तांब्या उचलला आणि जिन्याकडे वळल्या. गुडघे दुखायचे त्यांचे. मी तांब्या घ्यायला पुढे झाले. "राहू द्या. नियम माझाच हाय," म्हणाल्या. एकेक पायरी उतरल्या, नळाचा आवाज आला, एकेक पायरी चढून वर आल्या.

परिंड्याशी जाऊन बाई थांबल्या. परिंडा काठोकाठ भरलेला होता.

"काहून भरला इनं?" त्या हळूच म्हणाल्या. "आज तर कोणाले काही म्हटलं नाई पोट्टीनं."

जुईनं मनात कोणाला ‘बिचारी’ म्हटलं असेल, ते मला कळलं होतं. बाईंनाही कळलं असावं, कारण त्या पाठमोऱ्या झाल्या.

नंतर लवकरच मला बदलीची ऑर्डर आली आणि आमचं जयपूर सुटलं. बाईंना मी शेवटचं पाहिलं ते असं, टोपी कपाळावर आलेली, हातात भरलेला तांब्या. भरलेल्या परिंड्यात त्यांनी तो तसाच ओतला, आणि पाणी कठड्यावरून खाली पडत राहिलं.